सात घरांचं कीर्तन

कोर्लेकर फाउंडेशनची माणसं हैदराबादला येणार, ही बातमी पहिल्यांदा एझ्राकाकांना कळली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना. सगळे म्हणजे किती, तर सात घरं. सिकंदराबादेत सीताफळमंडी, मेट्टुगुडा आणि मारेडपल्लीत विखुरलेली, मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची सात घरं. त्यांचे आजे-पणजे कोकणातून मुंबई-पुण्याला आले, तिथून कोणी रेल्वेबरोबर तर कोणी पलटणीबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. एके काळी सणाला एवढी माणसं जमत की अंगणात मांडव घालावा लागे. पुढे बहुतेक जण इस्रायलला गेले. जे उरले ते कोणी नोकरीपायी, कोणी म्हाताऱ्या आईबापांपायी, आणि कोणी नुसतंच जायचं राहून गेलं म्हणून.

सिपोरा दिघोडकर या शेवटच्यांपैकी. कोठीजवळच्या एका मराठी शाळेत ती शिकवायची. वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू नाहीतर दखनी बोलत आणि मराठी वाचताना अडखळत, तरी तिची तक्रार नसे. नवरा अहरोन रेल्वेत गार्ड, मितभाषी. एकुलता एक मुलगा दानियल. अमीरपेटेत कॉम्प्युटरचे कोर्स करकरून तो एका नव्या कंपनीत चिकटला होता आणि आता त्याच कंपनीतर्फे अमेरिकेला जायच्या खटपटीत होता. त्या दोन-चार वर्षांत गल्लीगल्लीत एसटीडीचे बूथ आणि घरोघरी केबल आली होती. ज्याच्या त्याच्या पोराला कुठेतरी जायचं होतं.

एझ्राकाका या सात घरांचे वडीलधारे. लष्कराच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुली इस्रायलमध्ये. त्यांच्या मारेडपल्लीच्या घरातली पुढची खोली हेच इथल्या लोकांचं प्रार्थनास्थळ. तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी तिथे शिसवी कपाटात मखमलीत ठेवलेली होती. शुक्रवारी संध्याकाळी खुर्च्या मांडल्या जात, प्रार्थना होई, खुर्च्या उचलल्या जात. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. सात घरांत मिळून दहाच होते. एखाद्याला ताप आला तरी काकांचा चेहरा उतरायचा. गेली वीस वर्षं त्यांच्या मनात एकच होतं: आपला एक हॉल असावा. छोटा का असेना, पण दारावर पाटी असलेला.

कोर्लेकर मूळचे कोरलईचे. ठाण्याला त्यांचा पंपांचा कारखाना होता. बाजार खुला झाला तशी त्यांना परदेशी भागीदार मिळाले, कारखाना भराभर वाढला, आणि म्हाताऱ्या कोर्लेकरांनी मिळकतीचा एक वाटा आपल्या समाजासाठी काढून घरच्याच माणसांचं फाउंडेशन केलं. कोकणातल्या पडक्या सिनेगॉगची छपरं त्यांनी नीट करून दिली, दफनभूमींना कुंपणं घातली, एकट्या म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची सोय केली, मुलांसाठी हिब्रूचे वर्ग काढले. कामकाज त्यांची सून नओमी बघायची. ती स्वतः येऊन बघितल्याशिवाय कशालाच हो म्हणत नाही, असा तिचा लौकिक होता.

काकांनी पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलावून घेतलं आणि आपला बेत सांगितला. सात घरांसाठी कोणी हॉल देणार नाही, हे उघड होतं. तेव्हा त्या दिवशी सोलापूरचे, पुण्याचे नातेवाईक बोलवायचे, वरंगलचं एक कुटुंब आहे तेही आणायचं, आणि सगळे इथलेच म्हणून सांगायचं. पंचवीस कुटुंबं म्हटलं की बाईंना नाही म्हणता येणार नाही. कोणीतरी चुळबुळ केली, पण काकांच्या शब्दाबाहेर जायची कोणाची रीत नव्हती. शिवाय हॉल कोणाला नको होता? सिपोराकडे मालिद्याचं काम आलं. पोहे भिजवून, गूळ-खोबरं घालून, वर फळं मांडून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने करतात तो मालिदा. तो तिच्यासारखा कोणाला जमत नसे. ती बरं म्हणाली. घरी येताना तिने अहरोनला विचारलं की हे बरोबर आहे का. तो म्हणाला, "काकांनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नाही. एवढंच मागतायत."

नओमी कोर्लेकर आली ती एकटीच. चाळिशीची, सुती साडी, पायात साध्या चपला. मराठी मुंबईचं आणि मधून मधून इंग्रजीकडे घसरणारं. काकांची पुढची खोली, ओसरी, अंगण माणसांनी भरून गेलं होतं. प्रार्थना झाली, मालिदा वाटला गेला, काकांनी हातात कागद न घेता लहानसं भाषण केलं आणि पंचवीस कुटुंबं हा आकडा त्यात दोनदा आला. नओमीने मान डोलावली. मग ती माणसांत मिसळली. हा कुठल्या शाळेत, ती कुठल्या, असं मुलांना विचारत फिरली. एका मुलीने सोलापूरच्या शाळेचं नाव सांगितलं आणि तिच्या आईने तिला पटकन आत ओढून नेलं. सिपोराने हे बघितलं. नओमीनेही बघितलं, असं तिला वाटलं.

थोड्या वेळाने सिपोरा मागच्या पडवीत ताटं घासायला काढत होती, तिथे नओमी पाणी मागायला आली. पाणी प्यायली, पेला हातातच धरून उभी राहिली.

"ताई, एक विचारू? खरं किती घरं आहेत?"

सिपोराच्या हातात परात होती. बाहेर काका कोणाला तरी हॉलची जागा कुठे बघून ठेवली आहे ते सांगत होते, त्यांचा आवाज आत येत होता. खोटं सांगायचं तिने मनाशी ठरवलेलं होतं. पण वर्गात रोज पोरांच्या डोळ्यांत बघून बोलायची सवय, ती आड आली.

"सात," ती म्हणाली. "आणि माझा मुलगा अमेरिकेला निघालाय. तो गेला की प्रार्थनेला दहा पुरुषही उरणार नाहीत."

नओमीला फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. आणखी दहा वर्षांनी इथे कोण असेल, असं तिने विचारलं. तिच्या आवाजात खोच नव्हती, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"काय सांगू? कदाचित कोणीच नसेल. पण ती दहा वर्षं तर आम्हाला जगायची आहेत ना."

"मग त्या दहा वर्षांत तुम्हाला काय हवंय? हॉल?"

आणि सिपोराच्या तोंडून जे निघालं ते तिने आधी कधी कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, स्वतःजवळसुद्धा नाही. ती म्हणाली, "मला कीर्तन हवंय."

मग तिने सांगितलं. तिचे वडील कीर्तनकार होते. शास्त्रातल्या कथा मराठी साक्या-दिंड्यांत बांधून, पेटी-तबल्याच्या साथीने उभं राहून सांगायचे. हे यहुद्यांचं कीर्तन. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये ते उभे राहिले की आपले लोक तर येतच, पण देशपांडे येत, पवार येत, मोहल्ल्यातले खानसाहेब येऊन पुढच्या रांगेत बसत. वडील गेले आणि ते सगळं थांबलं. तिच्या मुलाने एकही कीर्तन ऐकलेलं नाही. त्याला हिब्रू प्रार्थना पाठ आहे पण अर्थ ठाऊक नाही, आणि मराठी समजतं पण त्यात आपलं असं काही आहे हे ठाऊक नाही. एवढं एका दमात बोलून ती परात घासायला लागली. नओमीने पेला उपडा ठेवला, थँक्यू म्हणाली आणि बाहेर गेली.

महिन्याभराने उत्तर आलं. हॉलला नकार होता. मात्र वर्षातून एकदा हैदराबादला मेळावा भरवावा, आसपासच्या गावांत एकेकटी राहिलेली यहुदी कुटुंबं त्यासाठी आणावीत, त्यांचा प्रवास, जेवण, जागा, वाद्यं हे सगळं फाउंडेशन बघेल, आणि मेळाव्यात मराठी कीर्तन व्हावं, असं नओमीने कळवलं होतं. तीन वर्षं करून बघू, मग पुढचं बोलू.

हे तिला कोणी सुचवलं ते काकांना विचारावं लागलं नाही. त्या शुक्रवारी सिपोरा नेहमीप्रमाणे प्रार्थनेला गेली. काकांनी तिच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. खुर्च्या उचलताना ते अहरोनला एवढंच म्हणाले की हॉल गेला. त्यानंतर त्यांनी सिपोराशी बोलणं सोडलं. घरी येऊ नको म्हणाले नाहीत, ते त्यांच्याने झालं नसतं. पण ती समोर असली की त्यांची नजर तिच्यावरून भिंतीवर जायची. ज्या माणसाने तिला लहानपणी खांद्यावर बसवून नामपल्लीची नुमाईश, दरवर्षी भरणारं प्रदर्शन, दाखवली होती, तो माणूस तिला ओळख देईना. सिपोरा घरी येऊन रडली. मग विचार करायला लागली की आता कीर्तन करणार कोण.

मुंबईहून कोणी आणावं असं अहरोनचं म्हणणं. तिने चौकशी केली. जे होते ते थकले होते किंवा निघून गेले होते. बायकांनी कीर्तन करणं समाजात नवं नव्हतं, मुंबईला तर बायकांची मंडळंही होती. पण सिपोरा स्वतः कधी उभी राहिली नव्हती. वर्गासमोर उभं राहणं वेगळं आणि हे वेगळं.

तिच्या शेजारी विमलाबाई राहायच्या. परभणीकडच्या. नवरा पोस्टात लागला तेव्हा इकडे आल्या, आता मुलगा नागसेनही पोस्टातच होता. त्यांच्या बुद्धविहारात बायकांचं गाणारं मंडळ होतं. विमलाबाई पुढे उभ्या राहून गात आणि नागसेन ढोलकी वाजवी. वैशाख पौर्णिमेला त्यांचा आवाज पलीकडच्या गल्लीपर्यंत जायचा. सिपोरा एका दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

विमलाबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "कथा कोणती सांगायची ठरवलीय?"

मोशेच्या जन्माची, असं सिपोरा म्हणाली. राजाने हुकूम काढलेला असतो की या यहुदी लोकांचा मुलगा जन्मला की नदीत टाकायचा. मोशेची आई त्याला तीन महिने लपवते आणि मग लव्हाळ्यांची टोपली करून, तिला डांबर फासून, तीत त्याला ठेवून नदीत सोडते. विमलाबाईंनी नागसेनला हाक मारली आणि ढोलकी काढायला सांगितलं.

"मी पहिल्यांदा उभी राहिले तवा पाय असे लटलट कापत होते," त्या म्हणाल्या. "पहिलं कडवं होईस्तोवर कापतात. मग आपोआप थांबतात. तुम्ही निस्तं पहिलं कडवं पार पाडा."

दर रविवारी विमलाबाईंच्या घरी तालीम सुरू झाली. पेटी शाळेतल्या संगीताच्या बाईंनी धरली. सिपोराला वडिलांची पदं बरीचशी आठवत होती. जिथे आठवत नव्हती तिथे तिने स्वतः रचली. दानियल पहिल्यांदा लांबच राहिला. "आई, मला नक्को त्यात ओढू. माझी मराठी ऐकून लोक हसतील," म्हणाला. पण एका रविवारी तो दाराशी टेकून ऐकत उभा राहिला आणि मधेच म्हणाला की फर्मान, दर्या असे शब्द घाल ना, आम्हा पोट्ट्यांना ते पटकन समजतात. सिपोराने फर्मान घातलं. ते बसलं. मग तिने दखनीतली आणखी पाच-सहा वाक्यं घातली. तिचे वडील कोकणी वळणाचं मराठी बोलत, ती हैदराबादचं बोलते. तिने ते तसंच ठेवलं.

अडलं ते एका जागी. टोपली नदीत सोडतात तिथे वडील चाल बदलायचे. तबल्याचा ठेका संथ व्हायचा आणि आवाज वर जायचा. ती चाल तिला काही केल्या आठवेना. ओळी होत्या, सूर नव्हता. तो माहीत असणारा माणूस एकच. एझ्राकाका तरुणपणी तिच्या वडिलांच्या मागे उभं राहून साथ करायचे.

ती त्यांच्याकडे गेली. काका अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी तिला बस म्हटलं नाही, तरी ती पायरीवर बसली. चाल सांगा, असं तिने सरळच मागितलं. काकांनी झारी खाली ठेवली. कितीतरी दिवसांनी ते तिच्याशी बोलले आणि जे बोलले ते साठलेलं होतं.

"मी स्वतःसाठी खोटं बोलत नव्हतो, सिपोरा. मी गेल्यावर हे घर विकलं जाईल. मुली तिकडून येतील, बिल्डरला देतील, त्यांचंही चूक नाही. मग इथे आपण होतो हे कोण सांगणार? पाटी राहिली असती. निदान दगडाची एक पाटी."

इतके दिवस सिपोरा त्यांचा राग बघत होती, त्यांची भीती तिला दिसलीच नव्हती. ती म्हणाली, "काका, मला खोटं बोलता आलं नाही. तुम्हाला दुखवायचं नव्हतं. पण हॉल मिळाला असता तर त्यात पंचवीस घरांच्या खुर्च्या मांडून आपण सात घरं बसलो असतो. मला ते बघवलं नसतं."

काकांनी झारी उचलली आणि ते पुढच्या कुंडीकडे गेले. चाल त्यांनी सांगितली नाही. ती उठून आली.

मेळाव्याला दोन आठवडे उरले होते. रविवारी तालीम चालू होती. टोपलीच्या जागी आल्यावर सिपोराने आपल्या मनाने एक चाल लावली. ओळी म्हटल्या:

*लव्हाळ्यांची होडी, आत जीव थोडा,*
*नदीबाई नदीबाई, हळू हळू ओढा.*

दारात कोणीतरी खाकरलं. एझ्राकाका उभे होते. डोक्यावर टोपी, हातात छत्री. विमलाबाईंनी लगबगीने खुर्ची पुढे केली. काका बसले, सिपोराकडे अजिबात न बघता नागसेनला म्हणाले, "यांना सांगा, ही चाल नाही. ही लग्नाची चाल झाली."

नागसेनने एकदा काकांकडे आणि एकदा सिपोराकडे बघितलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "बाई, काका म्हणतात ही चाल नाही."

"मग कोणती, ते विचारा," सिपोरा म्हणाली.

काकांनी डोळे मिटले आणि म्हणून दाखवली. आवाज फाटका झाला होता, पण सूर जागच्या जागी होता. त्या म्हाताऱ्या आवाजाच्या आत सिपोराला तिच्या बाबांचा आवाज ऐकू येत होता. त्या दुपारी काकांनी सगळी चाल नागसेनमार्फत शिकवली. यांना सांगा इथे श्वास घेऊ नका. यांना सांगा शेवटचा शब्द ओढायचा नाही, सोडायचा. नागसेन इमानेइतबारे निरोप पोचवत होता. विमलाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. जाताना काका नागसेनला म्हणाले की मेळाव्याच्या दिवशी मागे उभं राहायला एक माणूस लागेल, मी येईन.

मेळावा फेब्रुवारीत झाला, चिलकलगुड्याजवळच्या रेल्वेच्या सभागृहात, भर दुपारी. वरंगलचं कुटुंब आलं, सोलापूरचे आले, नांदेडहून एक म्हातारं जोडपं आलं, ज्यांनी कितीतरी वर्षांत आपल्या माणसांबरोबर सण केला नव्हता. या वेळी जो जिथला तो तिथलाच म्हणून बसला. विहारातल्या बायका आल्या, शाळेतले शिक्षक आले, अहरोनचे रेल्वेतले तेलुगू मित्र आले. नओमी सासऱ्यांना घेऊन आली. म्हातारे कोर्लेकर काठी टेकत येऊन पहिल्या रांगेत बसले.

सिपोरा उभी राहिली. पाय कापत होते. तिने पहिलं कडवं म्हटलं, आणि विमलाबाई म्हणाल्या होत्या तसं झालं.

राजाचं फर्मान आलं तेव्हा पोरं कान टवकारून बसली. नदीचं वर्णन करताना ती म्हणाली की केवढी नदी, आपल्या मुसीसारखी नव्हे हं, तिच्यात खरंच पाणी होतं. सभागृह हसलं. तेलुगू मित्रही हसले, त्यांना मुसी तेवढं कळलं होतं. ती रंगत गेली. मग टोपलीची जागा आली. नागसेनने ठेका संथ केला, मागून काकांनी सूर धरला आणि सिपोराने त्या दोन ओळी म्हटल्या. दुसऱ्यांदा म्हणताना तिची नजर दानियलवर गेली. त्याचा व्हिसा झाला होता, पुढच्या महिन्यात तो निघणार होता. तिचा आवाज बंद झाला.

ढोलकी थांबली. सिपोरा तांब्यातलं पाणी प्यायली. तिला पुढची साकी आठवत होती, पण म्हणवेना. मग ती गायची थांबून साधं बोलायला लागली, वर्गात बोलते तसं.

"लोकांना वाटतं आई काठावर उभी राहून बघत होती. तसं नाही. शास्त्रात लिहिलंय, काठावर बहीण उभी राहिली. आई घरी गेली. मला लहानपणी तिचा राग यायचा, की अशी कशी ही निघून गेली? आता कळतं. तिने टोपली नीट विणली होती, डांबर फासलं होतं, फट ठेवली नव्हती. जे तिच्या हातातलं होतं ते तिने केलं होतं. मग ती घरी गेली, कारण घरी बाकीची मुलं होती आणि चूल होती. नदीचं काम नदीने करायचं होतं."

ती थांबली. पहिल्या रांगेत म्हातारे कोर्लेकर डोळे पुसत होते. विहारातल्या एका बाईने हुंदका दिला. दानियल खाली मान घालून बसला होता. मागून काकांनी साकी उचलली, आणि सिपोराने ती त्यांच्याकडून घेतली आणि कीर्तन शेवटाला नेलं, जिथे राजाचीच मुलगी टोपली उघडते आणि दूध पाजायला म्हणून त्याच आईला बोलावलं जातं.

जेवणं झाल्यावर म्हातारे कोर्लेकर सिपोराजवळ आले. ढोलकीवाला आपल्यांतला का, असं त्यांनी विचारलं. नाही, शेजारी आहेत, ती म्हणाली, आणि तिच्या मनात आलं की यावर काही हरकत निघते की काय. म्हातारे म्हणाले, "माझ्या वडिलांच्या वेळी पेटीवर एक गुरव असायचे. त्यांच्याशिवाय आमच्याकडे मालिदा होत नसे." आणि त्यांनी नागसेनला जवळ बोलावून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दानियल मार्चमध्ये गेला. बेगमपेट विमानतळावर त्याला सोडायला सातही घरं आली होती. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून हिब्रूत आशीर्वाद दिला. दानियल आत गेल्यावर काचेपाशी उभं राहून काही दिसत नव्हतं, तरी सिपोरा उभी होती. काका तिच्याजवळ आले.

"चल," ते म्हणाले. "उद्या शाळा आहे ना तुझी."

मध्ये नागसेन नव्हता. ती त्यांच्याबरोबर चालायला लागली.

त्यानंतरचे काही शुक्रवार वाईट गेले. नऊच पुरुष जमत आणि प्रार्थनेचा काही भाग गाळावा लागे. पण उन्हाळ्यात एक माणूस सिपोराच्या शाळेत चौकशी करत आला. अहमदाबादचा यहुदी, शहराबाहेर नव्याने निघालेल्या औषधांच्या कंपनीत लागलेला. इथे आपलं कोणी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, मेळाव्याबद्दल त्याला मुंबईत कोणीतरी सांगितलं होतं. त्याला मराठी येत नव्हतं. शुक्रवारी तो आला आणि काकांनी त्याला सगळ्यांत चांगली खुर्ची दिली. पावसाळ्यात आणखी एक जण आला, तो वर्षभरासाठीच. कधी दहा भरत, कधी नाही. काकांनी मोजणं सोडलं असं नाही, पण चेहरा उतरणं कमी झालं. हॉलचा विषय ते अजून काढत. पुन्हा विचारल्यावर नओमीने या वेळी नाही म्हटलं नव्हतं, फक्त पुढे बघू म्हणाली होती.

मेळाव्यानंतर सोलापूरच्या लोकांनी कीर्तन आपल्याकडे मागितलं. नओमीने तेही फाउंडेशनच्या कामात धरलं. दिवाळीच्या सुट्टीत सिपोरा, अहरोन, काका, विमलाबाई आणि नागसेन असे पाचही जण सकाळच्या गाडीने निघाले. पेटी वाजवणाऱ्या बाईंना जमलं नव्हतं, पेटीला सोलापूरला माणूस होता. विमलाबाईंनी भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता, काकांच्या पथ्याचं वेगळं. गाडीत सिपोरा नवीन कथेची पदं गुणगुणत होती आणि काका तिला तिथल्या तिथे अडवत होते, ही ओळ लांब झाली, इथे दिंडी नको. ती त्यांच्याशी वाद घालत होती. शेवटी विमलाबाईंनी कौल दिला की ओळ लांबच ठेवा, बायका ती पुन्हा म्हणायला मागतील.

सोलापूर आलं. नागसेनने ढोलकी खांद्याला लावली. फलाटावर सात-आठ माणसं हार घेऊन उभी होती, आणि त्यांच्या पुढे दोन लहान मुली, नवीन फ्रॉक घातलेल्या, कोणाला आधी हार घालायचा यावरून भांडत होत्या.